काचेतल्या मुलीचे डोळे

सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले त्या काळात आमच्या गल्लीत कोणी कोणाला ओळखेनासं झालं होतं. मी एकदा दूधवाला समजून पोस्टमनला पातळ दुधाबद्दल बोललो आणि मग दोघांचीही माफी मागितली. बायला मात्र काही अडचण आली नाही. ओट्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाका मारायची. "खालचा भाग झाकला ते बरंच झालं," म्हणायची. "तिथं बघण्यासारखं असतं काय? दात. ते पण अर्ध्या लोकांचे विकतचे."

सगळी गल्ली तिला बाय म्हणायची, मीही म्हणायचो. ती माझी घरमालकीण. मी रोह्याचा; घर, बायको, मुलं वरसे गावात. पेणला अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान टाकलं तेव्हा राहायला म्हणून तिची माडी भाड्याने घेतली आणि पुढे बरीच वर्षं सोडली नाही. बाय गणपतीच्या कारखान्यांत आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती कोणीही घासावी, कोणीही रंगवावी, डोळ्यांना मात्र ठरावीकच हात लागतो. आधी तो हात तिच्या नवऱ्याचा होता. तो अचानक गेला तेव्हा सीझन तोंडावर आलेला. अर्धवट राहिलेल्या मूर्तींचे डोळे तिने पुरे केले. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. कारखानदाराला कळला, आणि त्याने तिला मग सोडलंच नाही.

तिचे नियम पुष्कळ होते. उपाशीपोटी आखणी करायची नाही, डोळ्यात भूक उतरते. कुणी शेजारी उभं राहून बघायचं नाही. आणि भांडण झालं असेल तर त्या दिवशी ब्रशला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम तिने अनुभवाने केला होता. एका वर्षी नळावर शेजारणीशी कडाक्याचं वाजलं आणि बाय तशीच कारखान्यात जाऊन बसली. संध्याकाळी कारखानदार बघतो तर सगळी रांग त्याच्याकडे डोळे वटारून बसलेली. "बाय, हे काय केलंस गो? गणपती हाय का फौजदार?" तो ओरडला. त्यातला सर्वांत रागीट गणपती एका पोलीस लाइनीतल्या लोकांनी आवडीने नेला, म्हणून पुढचं निभावलं.

डोळ्यांचं सगळं झाल्यावर ती शेवटी बुबुळात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायची. त्या वेळी कारखान्यातला रेडिओ बंद, पंखा बंद, बोलणं बंद. ती श्वास रोखायची. ब्रशचं टोक टेकायचं आणि उठायचं, आणि त्या क्षणापर्यंत माती असलेलं ते तोंड आपल्याकडे बघायला लागायचं. मी हे दाराआडून चोरून पाहिलं आहे. ती मूर्तीला म्हणायची, "हां, आता बघ काय बघायचं ते." मग पंखा लावा म्हणून हातानेच खूण करायची.

विसर्जनाला ती कधी गेली नाही. गल्ली सगळी नदीवर जायची आणि ही घरात दार लावून झोपायची. मला वाटायचं, तिला ते बघवत नसेल. एकदा मी हळव्या आवाजात तसं बोलून दाखवलं. ती हसली. "बघवायचं काय त्यात? देव आला, देव गेला. पण माझं सांग. मी केलेलं काय पण दहा दिवसांच्या वर टिकलं नाय रे. शेजारीण पापड लाटते, ते पण वर्षभर राहतात."

हे ती विनोदाने बोलली. पण पुढे केव्हातरी जेवताना, केव्हातरी भांडी घासताना ते पापड तिच्या बोलण्यात परत परत यायला लागले. तेव्हा मला कळलं की हा विनोद नाही.

माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण मी नसतो तर ती त्या चर्चमध्ये गेली नसती. माझा धंदा जुन्या खिडक्या काढून नव्या बसवण्याचा. पेणमध्ये, रोह्यात, किती जुन्या घरांच्या दारांवरच्या अर्धगोल रंगीत काचा मी माझ्या हाताने उपसून काढल्या आणि तिथे सरकत्या खिडक्या ठोकल्या. त्या काचांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना ते मनात यायचं, अजूनही येतं. मी बायजवळ ते बोलायचो. तिला माझा कंटाळा यायचा. "रोहेकर, तुला माफी मागायची सर्दीच झालीय. सारखी गळतीय. लोकांनी खिडकी मागितली, तू दिलीस. आता जेव."

घाटमाथ्यावर रेल्वेच्या साहेबांनी बांधलेलं एक जुनं चर्च आहे. दगडी, बुटकं, कौलारू. तिथल्या रंगीत खिडक्यांना पाऊस लागू नये म्हणून बाहेरून साध्या काचा बसवायचं काम मला मिळालं. काम मुंबईच्या एका आर्किटेक्ट बाईंच्या देखरेखीखाली होतं. वयाने लहान, पण सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. वेदीमागच्या मोठ्या खिडकीत येशू बसला आहे आणि भोवती मुलं आहेत. लाल, निळा, हिरवा रंग अजून असा की सकाळी जमिनीवर सांडलेला दिसतो. फक्त कडेला टोपली घेऊन उभी असलेली एक मुलगी होती, तिला तोंड नव्हतं. केस होते, मान होती, मध्ये कोरी काच. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की कोणा साहेबाने तापाने गेलेल्या आपल्या मुलीच्या आठवणीसाठी ही खिडकी विलायतेहून आणवली. म्हणजे ते तोंड बहुधा तिचंच.

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, त्यांच्या लहानपणी पुसट नाक दिसायचं. आता तेही नाही. मॅडमनी मुंबईत दोन चित्रकारांकडून चेहरा काढून घेतला होता. एकाचा कॅलेंडरवरच्या बाळासारखा आला, दुसऱ्याचा मेलेल्या माणसासारखा. त्या वैतागून म्हणाल्या, "नजर येत नाहीये." मी शिडीवर होतो. तिथूनच म्हणालो, "नजर काढणारं माणूस मला माहीत आहे."

माझ्या टेम्पोतून बायला वर नेलं. घाट चढताना तिने भजी खाल्ली आणि चर्चमध्ये पाय ठेवण्याआधी हात धुवायला पाणी मागितलं. आत आल्यावर रंग बघून ती "आगो बाय" एवढंच म्हणाली. मग कडेच्या मुलीपाशी येऊन थांबली, मान तिरपी करून, मूर्तीपुढे थांबायची तशी.

"हिचं विसर्जन सावकाश झालं," ती म्हणाली.

मॅडमनी समजावून सांगितलं. चेहऱ्याच्या रेघा काचेवर रंगाने काढून भट्टीत भाजतात. त्या काळी विलायतेत चर्चच चर्च उभी राहत होती, खिडक्यांना मागणी फार, आणि काही कारखान्यांत भाजणं कच्चं राहिलं. तो रंग दमट हवेने पुसत गेला.

बायचा चेहरा उजळला. "म्हणजे तिकडं पण सीझन होता. गिऱ्हाईक दारात आणि माल ओला." त्या न पाहिलेल्या साहेब कारागिराबद्दल तिला एकदम आपलेपणा वाटला. मग तिने हळूच विचारलं, "आणि नीट भाजलेलं किती टिकतं?"

"ही बाकीची तोंडं बघा. शंभर वर्षं कधीच उलटून गेली."

 परत उतरताना खोपोली आलं तेव्हा बाय म्हणाली, "मी करणार."

पहिला प्रयत्न माझ्या दुकानात झाला. साधी काच टेबलावर, खाली पांढरा कागद. मॅडमनी दिलेला तपकिरी रंग. मी रेडिओ बंद केला, कटिंगचं मशीन बंद केलं, समोरच्या चहावाल्यालाही गप्प बसायला सांगितलं. बायने भुवया काढल्या, पापण्या काढल्या, बुबुळं भरली आणि शेवटी श्वास रोखून पांढरा ठिपका दिला. कागदावर ते डोळे जिवंत होते. मी काच उचलली आणि दारातल्या उजेडापुढे धरली.

ठिपके काळे दिसत होते. दोन्ही बुबुळांत दोन भोकं पडल्यासारखी.

"तुझी काच खराब हाय," बाय म्हणाली.

काच बदलली. तेच. मग तिने उन्हाला दोष दिला, मला दिला, रंगाला दिला. चहावाला आत डोकावून म्हणाला, "बाय, पोरीला मोतीबिंदू झाला काय?" त्या दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवून ती चहा न पिता गेली आणि घरी माझ्याशीही बोलली नाही. भात माझ्या पानात वाढला, पण आदळून वाढला.

माझी चूक मला कळत होती. काचेचा धंदा माझा. पांढरा रंग मागून येणारा उजेड अडवतो आणि अडवलेला उजेड काळा दिसतो, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. मी तसं म्हणायला गेलो. ती म्हणाली, "तुझी सर्दी घेऊन तू माडीवर जा."

काही दिवसांनी ती आपणहून दुकानात आली. बुबुळं भरली. रंग सुकू दिला. मग पदराची पिन काढली आणि तिच्या टोकाने बुबुळातला कणभर रंग खरवडून टाकला. काच उजेडात धरली. मुलगी बघत होती.

"चाळीस वर्षं मी उजेड लावत आले रे," ती म्हणाली. "हितं उजेड आपला नाय. तो मागं उभाच हाय. त्याला दार करून द्यायचं." मग चहावाल्याला हाक मारली, "ये, मोतीबिंदू काढला बघ."

सगळं सुरळीत होईल असं वाटलं, तेवढ्यात मॅडमनी त्यांचा नियम सांगितला. नवा चेहरा जुन्या काचेवर काढायचा नाही. त्याच आकाराची दुसरी पातळ काच कापायची, त्यावर काढायचा आणि ती जुन्या काचेच्या मागे बसवायची. भाजायचीही नाही. उद्या कोणाला अधिक चांगलं करता आलं, किंवा आपलं चुकलं असं कळलं, तर आपलं काढून टाकता आलं पाहिजे. जुन्याला धक्का लागता कामा नये.

बायने ऐकून घेतलं. "म्हणजे माझे डोळे तिथं भाड्यानं राहणार."

"तसं नाही मावशी..."

"तसंच हाय. मी भाडेकरू ठेवते, मॅडम. मी भाडेकरू होत नाय."

मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, हा नियम सगळीकडे असतो, आणि तुम्हाला जमणार नसेल तर चेहरा कोराच ठेवू. मॅडम मुंबईला गेल्या. खिडकीचा तो तुकडा, शिशाच्या पट्टीतून सोडवलेली मुलीच्या तोंडाची जुनी काच, माप घेण्यासाठी माझ्या दुकानात कापसात गुंडाळून ठेवलेली होती.

दोन दिवस बाय घरात नुसती फिरत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, ती दुकानात आली. हातात स्वतःचा ब्रश.

"काढ ती काच."

"बाय, मॅडम..."

"मॅडम मुंबईत हाय. दोन डोळे काढते. जुन्या काचेवरच. मग तू कुठं भट्टी हाय ते शोध आणि भाजून आण. कोण बघतंय?" मग आवाज उतरला. "रोहेकर, माझं एक तरी राहू दे रे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणता आलं नाही. ज्या माणसाने इतक्या लोकांच्या जुन्या काचा न विचारता कचऱ्यात जाऊ दिल्या, त्याने आता हिच्यापुढे नियमाचं नाव घ्यायचं, हे मला जड जात होतं. आणि काढून द्यावी तर ती मुलगी, तो साहेब, ते पाळकसाहेब, सगळे डोळ्यांपुढे. मी कापूस सोडवला आणि काच तिच्या हातात दिली. ते बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येणार नाही.

ती काच घेऊन दारापाशी गेली. पुसली नाही. उजेडापुढे सरळ न धरता तिने ती आडवी केली, डोळ्यांच्या पातळीवर आणली, आणि उन्हाची तिरीप वरून घसरेल अशी हळूहळू कलवत राहिली. मूर्तीचा गाल नीट घासलाय का ते कारखान्यात बघतात तसं. मी मागे उभा होतो.

"रोहेकर. हितं डोळे हायत."

मला काही दिसेना. तिने माझं डोकं धरून खाली केलं. तेव्हा दिसलं. रंग गेला होता, पण जिथे रंग होता तिथली काच जराशी वेगळी राहिली होती, पाण्यावर तेल पसरावं तशी. एक भुवई. पापणीची कड. नाकाची रेघ. आणि बुबुळं होती ती समोर नव्हती. खाली होती.

"टोपलीत बघतीय ती," बाय म्हणाली. "मी वेडी. मी तिला समोर बघायला लावत होते."

तिने आयुष्यभर काढलेले डोळे समोर बघणारे होते. कुठूनही बघा, देव आपल्याकडे बघतो, हेच आखणीचं कसब. ही मुलगी कोणाकडेच बघत नव्हती. तिच्या टोपलीत फुलं होती आणि ती ती फुलं बघत होती.

बाय बराच वेळ काच कलवत बसली. ब्रश मांडीवर. मग म्हणाली, "त्या बाबानं घाईत केलं, कच्चं भाजलं, तरी एवढं राखलंय त्यानं. ह्याच्यावर मी रंग लावला तर हे पण गेलं." तिने काच माझ्या हातात परत दिली. "गुंडाळ. आणि दे ती तुझी भाड्याची काच."

खाली बघणारे डोळे तिने कधी काढले नव्हते. चार काचा वाया गेल्या. एकदा मुलगी झोपलेली दिसली, एकदा रडून आल्यासारखी. चहावाल्याने या वेळी थट्टा न करता, न मागताच चहा आणून ठेवला. पाचव्या काचेवर बायने पापणीखालून पिनेने एक कण खरवडला आणि पिन पदराला लावून टाकली. तेव्हा मला कळलं की झालं.

बसवायच्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेब होते, चर्चला येणाऱ्या मंडळीतली दोन-तीन म्हातारी माणसं होती, राखणदार आणि त्याची बायको होती. मी बाहेरून शिडीवर चढून जुनी काच आणि तिच्यामागे बायची काच जागेवर सरकवली आणि धावत आत आलो. सूर्य खिडकीमागे होता.  एका म्हाताऱ्या बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग राखणदाराची बायको म्हणाली, "लाजली वाटतं पोर, एवढी माणसं बघून."

बाय एवढी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. मॅडमनी विचारलं, काचेच्या कडेला बारीक अक्षरात तुमचं नाव घालायचं का, दिसणार नाही कोणाला. बायने विचारलं, "त्यानं घातलंय?"

"नाही."

"मग राहू दे." थोड्या वेळाने, जणू सहज, "किती वर्षं राहील हे?"

"न भाजलेलं आहे मावशी. काळजी घेतली तर तीस, चाळीस. मग पुन्हा कोणीतरी करेल."

बाय बाकावर टेकली. "करू दे. त्याला पण ती काच तिरपी धरून बघायला सांगा म्हणजे झालं." दुपारी ऊन खिडकीवरून सरकेपर्यंत ती तिथून उठली नाही. नंतरही पापड तिच्या घरात लाटले गेले, वाळले, तळले गेले, पण त्यांची तक्रार तिने पुन्हा केली नाही.

ती गेली तेव्हा मी वरसे गावात होतो. मुलीच्या बारावीचं निमित्त करून मी माडी सोडली होती आणि येतो येतो म्हणत महिना महिना येत नव्हतो. शेवटचं भेटलो तेव्हा तिला माझं तोंड नीट दिसत नव्हतं. तरी म्हणाली, "रोहेकर, आलास. आता माफी नको मागू, बस." मी बसलो आणि मनातल्या मनात मागितली.

दोन काचांच्या मध्ये घाम धरतो. म्हणून दर वर्षी पाऊस लागायच्या आधी मी घाटावर जातो, बाहेरची साधी काच उतरवून बायच्या डोळ्यांची काच काढतो, कोरड्या कापडाने पुसतो आणि परत बसवतो. या कामाचं मी कोणाला विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही. यंदाही गेलो. काच काढून चर्चमागच्या कट्ट्यावर बसलो. हातात धरली तर मुलगी नसते, नुसत्या भुवया, डोळे, ओठ. मागे गवत दिसतं. रंगाच्या बाजूला हात लागू नये म्हणून मी कडा धरून बराच वेळ बसून राहतो, पुसून झाल्यावरही.

राखणदाराची बायको केरसुणी घेऊन कोपऱ्यावरून आली. "काय ओ भाऊ, बसवा की आता. सकाळपासून पोर आंधळी उभी हाय आत."

"झालंच," म्हणालो आणि शिडीवर चढलो.

बसवून आत गेलो. ऊन अजून होतं. मी कडेच्या बाकावर बसलो, अगदी तिच्या समोर. तिने टोपलीतून नजर वर केली नाही. माझ्याकडे कोणी बघत नाही याचं मला सगळ्या जन्मात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.